मेल येतोय पण जात नाही? मग आउटगोइंगचं लॉगिन बघा

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या नाहीतर बेदाण्याच्या कुठल्याही पेढीवर जा, बिलं आणि हिशोबपट्ट्या मेलनं पाठवायचं काम असतंयच, आणि ठरलेली तक्रार म्हणजे "मेल येतोय सगळा, पण पाठवला की आउटबॉक्समध्येच अडकतोय". मग कोण म्हणतंय नेट स्लो आहे, कोण म्हणतंय व्हायरस शिरलाय. बऱ्याचदा दोन्ही नसतंय. येणारा मेल आणणारा सर्व्हर वेगळा, त्याला आयमॅप किंवा पॉप म्हणतात, आणि जाणारा मेल घेणारा वेगळा, तो एसएमटीपी, आणि पहिल्याला पासवर्ड दिला म्हणून दुसरा तुम्हाला ओळखत नाही. गाडी यार्डात आत आली म्हणून गेटपासशिवाय बाहेर सोडतात का, तसंच हे.

हे असं का, तर 1982 च्या एसएमटीपीत लॉगिन हा प्रकारच नव्हता, कुणीही कुणाच्याही नावानं मेल ढकलायचा. स्पॅमनं उच्छाद मांडला तेव्हा 1999 मध्ये लॉगिनची सोय स्टँडर्डमध्ये आली. त्या जमान्यात इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर स्वतःच्या कनेक्शनवरनं आलेला मेल काही न विचारता घ्यायचा, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर अजून ‘नो ऑथेंटिकेशन’ असं सेटिंग सापडतंय. दुकानातल्या ब्रॉडबँडवर ते कसंबसं चालतंय, आणि तोच लॅपटॉप तासगावला नेऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उघडला की 550 नंबरचा एरर आणि पुढं ‘रिलेइंग डिनाइड’, म्हणजे तुझा मेल पुढं पाठवणार नाही. यात हॉटस्पॉटचा काही दोष नाही, सर्व्हर एवढंच म्हणतोय की तू कोण ते मला माहीत नाही.

आता करायचं काय. आधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या: सर्व्हरचं नाव, पोर्ट, सिक्युरिटीचा प्रकार, यूजरनेम, पासवर्ड. जीमेल असेल तर सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, टाईप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरात आणि मध्ये स्पेस नको. पेढीच्या नावाचं स्वतःचं डोमेन असेल तर सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये मिळतंय. यूजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी, अ‍ॅटच्या पुढचं सुद्धा. निम्मे लोक नुसतं अ‍ॅटच्या आधीचं टाकतात आणि पासवर्डला शिव्या देत बसतात.

पोर्ट दोनच लक्षात ठेवा. 587 घेतला तर सिक्युरिटी स्टार्टटीएलएस, 465 घेतला तर एसएसएल/टीएलएस (दोन्ही मेल आणि पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करायचे प्रकार), यांची अदलाबदल केली की प्रोग्राम नुसता गोल फिरत बसतोय आणि शेवटी टाइमआउट. 25 नंबरच्या नादाला लागू नका, तो सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचा पोर्ट आहे, बऱ्याच इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी तो ब्लॉकच करून ठेवतात. आणि "सिक्युरिटी नन करून बघा, जातंय" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तसं केलं तर पासवर्ड उघडा जाऊ शकतो.

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर त्यात अकाउंट सेटिंग्ज उघडा, डावीकडच्या यादीत पार खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे, तिथं आपला सर्व्हर निवडून एडिट दाबा. वरच्या गोष्टी भरा आणि ‘ऑथेंटिकेशन मेथड’ला जीमेलसाठी ‘ओऑथ2’ घ्या, म्हणजे प्रोग्रामला पासवर्ड न देता थेट कंपनीच्या पानावर लॉगिन करायची पद्धत, मग पहिला मेल पाठवताना गूगलची लॉगिनची खिडकी उघडेल, तिथं परवानगी दिली की झालं. आउटलुक, हॉटमेलवाल्यांनी पण ओऑथ2 च घ्यायचं, कारण मायक्रोसॉफ्टनं पर्सनल अकाउंटला साधा पासवर्ड चालवणं 2024 मध्ये बंद करायला घेतलंय. स्वतःच्या डोमेनच्या मेलला बहुतेक ठिकाणी ‘नॉर्मल पासवर्ड’ चालतंय, कनेक्शन टीएलएसचं असलं म्हणजे त्यात धोका नाही.

खरी गंमत जुन्या सॉफ्टवेअरची आणि स्कॅन करून थेट मेल करणाऱ्या मशीनची. बिलिंगचं सॉफ्टवेअर असो नाहीतर झेरॉक्सचं मशीन, यातल्या बऱ्याच जणांना ओऑथ वगैरे काही कळत नाही, नुसतं यूजरनेम आणि पासवर्ड मागतात, आणि जीमेलचा नेहमीचा पासवर्ड टाकला की 535 चा एरर, म्हणजे लॉगिन नाकारलं. तुमचा पासवर्ड चुकलेला नसतोय, गूगलनं मे 2022 पासून पर्सनल अकाउंटला असल्या प्रोग्रामांसाठी तो घेणंच बंद केलंय. इथं अ‍ॅप पासवर्ड लागतोय, म्हणजे त्या एका मशीनपुरता गूगलनं काढून दिलेला वेगळा पासवर्ड. गूगल अकाउंटमध्ये आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग तिथल्याच सर्चमध्ये ‘अ‍ॅप पासवर्ड्स’ शोधा, नाव द्या, समजा ‘दुकानाचा स्कॅनर’, आणि 16 अक्षरं मिळतील. ती एकदाच दिसतात, लगेच मशीनमध्ये भरा, मधल्या मोकळ्या जागा काढून. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड काढा, आळस करू नका. आणि हे पण ध्यानात ठेवा की गूगलचा मेन पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड एकदम रद्द होतात, मग मालक घरी पासवर्ड बदलतो आणि दुकानातला स्कॅनर रुसतोय, कुणाला काय कळत नाही.

सगळं बरोबर भरूनही 535 येत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ बघा, एसएमटीपीच्या नावानं वेगळी एंट्री असते आणि जुना पासवर्ड तिथं घट्ट बसलेला असतोय, ती डिलीट करा, परत विचारेल. 530 आलं तर बहुतेक लॉगिन लावलेलंच नाही. सर्टिफिकेटची तक्रार आली तर आधी कॉम्प्युटरची तारीख बघा, बॅटरी गेलेल्या जुन्या मशीनवर तारीख कुठल्या कुठं गेलेली असते आणि मग सर्टिफिकेट चुकीचं वाटतंय. तारीख बरोबर असेल तर अँटीव्हायरसचं मेल स्कॅन थोडा वेळ बंद करून बघा.

एकाच प्रोग्राममध्ये दोन अकाउंट असतील, म्हणजे एक जीमेल आणि एक पेढीच्या डोमेनचं, तर दुसऱ्याचा मेल पहिल्याच्या सर्व्हरवरनं जात नाही ना ते तपासा, हे लोक विसरतातच. प्रत्येक अकाउंटच्या पहिल्या पानावर तळाला आउटगोइंग सर्व्हर निवडायची जागा आहे. चुकीचा असेल तर सर्व्हर ‘सेंडर रिजेक्टेड’ म्हणेल, किंवा जीमेल गुपचूप फ्रॉमचा पत्ता बदलून पाठवेल आणि व्यापारी विचारेल हा कुठला आयडी.

टेस्ट स्वतःच्याच आयडीवर करू नका, दुसऱ्या कंपनीच्या आयडीवर पाठवा आणि तिथला स्पॅम पण बघा. जीमेलला मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ केलं की एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का ते तपासायच्या दोन खुणा) पुढं पास लिहिलेलं दिसायला पाहिजे. स्वतःचं डोमेन असून फेल दिसत असेल तर होस्टिंगवाल्याला सांगून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, ते रेकॉर्ड घालून घ्या, गूगलनं फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर पाठवणाऱ्या सगळ्यांना दोघांपैकी एक तरी सक्तीचं केलंय. मोठ्या फायलींचं म्हणाल तर जीमेलची मर्यादा 25 एमबी, पण जोडलेली फाईल वाटेत साधारण एक तृतीयांश फुगते, त्यामुळं 18 एमबीच्या वर गेला की ड्राइव्हची लिंकच पाठवा.

जुना कॉम्प्युटर विकायला काढला किंवा स्कॅनर बदलला तर गूगल अकाउंटमध्ये जाऊन त्या नावाचा अ‍ॅप पासवर्ड तेवढा डिलीट करा, बाकीची मशीनं चालू राहतात.