स्लीपनंतर गायब होणारी बॅकअप ड्राइव्ह

संगणक स्लीपमधून उठवला की बॅकअपची ड्राइव्ह दिसत नाही, काढून पुन्हा लावली की दिसते. असं होत असेल तर नवी ड्राइव्ह घेण्याची घाई नको. आधी स्लीप 'नेव्हर' करून पंधरा-वीस जीबीची फाइल कॉपी करून बघा. तेव्हाही ड्राइव्हचा संपर्क तुटला, तर सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका; केबल आणि पोर्ट बदला.

संपर्क फक्त स्लीपनंतरच तुटत असेल तर पहिला संशय विजेचा. अडीच इंची (खिशात मावणाऱ्या) हार्ड ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबी पोर्टमधूनच वीज घेते. स्लीपमध्ये तिची तबकडी थांबते, आणि थांबलेली तबकडी फिरवतानाच तिला सर्वांत जास्त करंट लागतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. बिनअडॅप्टरच्या हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) तेवढ्यातच माउस-कीबोर्डही भागवावे लागतात. म्हणून हब काढा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टात थेट लावा, केबल आखूड वापरा. हब हवाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

मग विंडोजची वीजबचत. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवणारी सोय) डिसेबल करा, 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर'ला शून्य द्या. काही लॅपटॉपवर हे पर्याय दिसतच नाहीत. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये, पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. मॅकवर 'पुट हार्ड डिस्क्स टु स्लीप' बंद करा.

बॅकअप चालू असताना संगणक झोपणार नाही, हेही बघायला हवं. लिहिणं अर्ध्यात तुटलं की फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवरची फाइलींची मांडणी, बिघडू शकते. एक्सएफॅट या फॉरमॅटमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) नसल्यामुळे तिथे हा धोका जास्त. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस हा फॉरमॅट बरा. पण फॉरमॅट बदलताना सगळा डेटा पुसला जातो, तो आधी दुसरीकडे उतरवा.

ड्राइव्हचा संपर्क आधी मध्येच तुटला असेल तर पुढच्या बॅकअपपूर्वी तिच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्स टॅबवरून 'चेक' चालवा. मात्र ती टकटक आवाज करत असेल तर चेक नको, आधी गरजेच्या फाइली उतरवून घ्या.

शेवटी दहा मिनिटं स्लीपमध्ये टाकून उठवा आणि बॅकअपमधली एक फाइल उघडून बघा. असं तीनदा करा.