पॉइंटवरचं आडनाव कसं फोडायचं

महाबळेश्वरच्या टॅक्सीवर नवीन पोरगं आलं की मी त्याला आधी पॉइंटांची नावं फोडायला शिकवतो. टुरिस्ट विचारतो, "बॅबिंग्टन म्हणजे माणूस की गाव?" आणि पोरगं "होता कुणी साहेब" म्हणून गिअर टाकतं.

आधी शेपूट बघायचं. 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'तून', कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडी. 'फर्ड' असेल तर नदीचा उतार, 'ली' म्हणजे रान तोडून काढलेली मोकळी जागा, 'बी' बहुधा डेन लोकांचं, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्यांचं गाव. बॅबिंग्टन ही बब्बा नावाच्या कुणाच्या माणसांची वाडी. हसू नका, आपल्याकडंही असल्या वाड्या पायलीला पन्नास.

'सन' दिसलं तर गाव शोधत बसू नका. विल्सन म्हणजे विलचा पोरगा, संपलं. एल्फिन्स्टन मात्र स्कॉटलंडचं. ते गाव ईस्ट लोथियनमध्ये अजून आहे.

खरी गोची सारख्या नावांची. न्यूटन म्हणजे नुसती 'नवी वाडी', इंग्लंडभर पसरलेली. तासगावात वडगावकर भेटला तर आपण विचारतोच ना, कुठलं वडगाव? तसंच तिथंही घराणं कुठल्या भागातलं ते आधी बघायचं. चर्चच्या जन्म-लग्नाच्या वह्या १५३८ पासून लिहायला लागले, आणि गावाचं जुनं स्पेलिंग १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजानं करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, सापडू शकतं.

आणि त्या गावात त्या आडनावाचं कुणी राहत नाही म्हणून गाव खोडून टाकू नका. मी वाईकर. पणजोबा वाईत होता तोवर त्याला वाईकर कोण म्हणणार? पसरणीचा घाट चढून वर आला, तेव्हा बाजारातल्यांनी त्याला वाईकर केला. इंग्रज कुळांचंही बरंचसं असंच. जमीनदारांचं मात्र उलट: वॉशिंग्टनचा मूळपुरुष आधी हार्टबर्नचा, बाराव्या शतकात वॉशिंग्टन गाव मिळालं तसं त्यानं नावच बदललं. अमेरिकेतलं शहर पुढं त्याच्या वंशजाच्या नावावर. म्हणून आधी कोण, माणूस की गाव, हे विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. आपली माल्कम पेठ गव्हर्नर माल्कमच्या नावाची, तिथं माणूस आधी.

केट्स पॉइंट आणि आर्थर सीटला यातलं काही लावू नका, ती आडनावंच नाहीत. तिथं गाडी सावलीत लावायची आणि माकडं आली की काचा वर घ्यायच्या.