वॉल्टर ब्रेनन दोन तासांत: चित्रपट मंडळासाठी तयारी

नायकाची कारकीर्द मांडायला फार डोकं लागत नाही. गाजलेले चित्रपट ओळीनं लावले की काम होतं. चरित्र अभिनेत्याला तसं लावलं तर अर्ध्या तासात लोक मोबाइल काढतात. त्याच्या वाट्याला एका चित्रपटात चार प्रवेश, तर दुसऱ्यात एकच वाक्य, आणि नावं तर संपतच नाहीत. हॉलिवूडचा चरित्र अभिनेता वॉल्टर ब्रेनन याच्या खात्यावर दोनशेहून अधिक कामं आहेत. म्हणून सनावळी सोडायची आणि त्याची हत्यारं धरायची. त्याची हत्यारं तीन: दात, पाय आणि आवाज.

पुढची आखणी इंदूरमधल्या राजेंद्र नगर, रामबाग किंवा लोकमान्य नगरसारख्या वस्तीतल्या ४० ते ६० माणसांच्या मंडळासाठी आहे. सानंद या इथल्या संस्थेची मराठी नाटकं वर्षानुवर्षं पाहिलेला हा प्रेक्षक. नटाची लकब कुठे संपते आणि पात्र कुठे सुरू होतं, हे त्याला सांगावं लागत नाही. मात्र अमेरिकन उच्चार त्याला सलग समजतील, असं गृहीत धरू नका.

आधी एक तक्ता करा. रकाने असे: चित्रपट, चित्रीकरणाचं वर्ष, प्रदर्शनाचं वर्ष, दिग्दर्शक, त्या वेळचं ब्रेननचं वय, दात आहेत की नाहीत, चाल कशी, नायकाशी नातं काय. ब्रेननचा जन्म २५ जुलै १८९४, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचा. मृत्यू सप्टेंबर १९७४. वयाचा रकाना भरला की निम्मा कार्यक्रम तयार झाला, कारण या माणसानं चाळिशीपासूनच म्हातारे केले. 'बार्बरी कोस्ट' (१९३५) मधला 'ओल्ड अ‍ॅट्रॉसिटी' साकारताना तो जेमतेम ४१ वर्षांचा होता.

या तक्त्यात दोन चुका हमखास होतात. पहिली ऑस्करच्या वर्षाची. पुरस्कार ज्या वर्षाच्या चित्रपटाला असतो, त्याच्या पुढच्या वर्षी तो दिला जातो. 'कम अँड गेट इट' १९३६ चा, पुरस्कार १९३७ मध्ये. 'केंटकी' १९३८ चा, पुरस्कार १९३९ मध्ये. 'द वेस्टर्नर' १९४० चा, पुरस्कार १९४१ मध्ये. फलकावर एकच पद्धत ठेवा, नाहीतर सभेतले एखादे काका उठून बेरीज मागतात. दुसरी चूक 'रेड रिव्हर'ची. चित्रीकरण १९४६ चं, प्रदर्शन १९४८ चं. म्हणजे 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) आणि हा चित्रपट कामाच्या दृष्टीनं शेजारचे आहेत. मध्ये दोन वर्षांत त्याचा अभिनय पिकला वगैरे सिद्धांत मांडू नका.

आता तुकडे निवडायचे. एकूण ११, मिळून ४६ मिनिटं. त्यापेक्षा जास्त दाखवलं तर बोलायला वेळ उरत नाही आणि कमी दाखवलं तर नुसतं व्याख्यान होतं.

पहिला तुकडा एक मिनिटाचा, 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) मधला. ज्याची सायकल अदृश्य माणूस पळवतो, तो गावकरी म्हणजे ब्रेनन. श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. एक्स्ट्रा म्हणून काढलेल्या वर्षांचा हिशोब इथेच मिटवा. त्या काळातली सगळी कामं शोधत बसलात तर आठवडा जाईल आणि दाखवण्याजोगं हाती काही लागणार नाही.

मग जोडी: 'केंटकी' ४ मिनिटं आणि 'द प्राइड ऑफ द यँकीज' (१९४२) ३ मिनिटं. क्रम हाच ठेवा. १९३८ मध्ये तो थकलेला, हट्टी, घोड्यांच्या शर्यतीपायी जीव टाकणारा म्हातारा आहे, आणि चार वर्षांनी नीटनेटक्या कपड्यांतला क्रीडा-पत्रकार. माणूस उलट्या दिशेनं वयात चाललाय! प्रेक्षक हसले की दातांची गोष्ट काढा. १९३२ मध्ये एका अपघातात त्याचे पुढचे दात गेले. त्यानंतर कवळी लावली की मध्यमवयीन आणि काढली की सत्तरीचा, अशी सोय त्याच्या तोंडातच झाली. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत असत की, पहिल्या भेटीत ब्रेनननं विचारलं, 'घालून की काढून?' हॉक्सना आधी कळेचना. मग उलगडलं की प्रश्न दातांचा आहे. ही गोष्ट आधी सांगितली तर जोडीची गंमत जाते. दोन्ही तुकडे होऊन गेल्यावरच सांगा.

'कम अँड गेट इट'मधून ४ मिनिटं. यातला स्वान बोस्ट्रॉम स्वीडिश आहे आणि त्याचे उच्चार हीच भूमिकेची अर्धी मेहनत. आपल्या श्रोत्यांना ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. सोपा दाखला घरातलाच: इंदूरचा माणूस 'मी करून राहिलोय' म्हणाला की पुणेकराचे कान कसे टवकारतात, तसं अमेरिकन प्रेक्षकाला स्वानचं इंग्रजी लागतं. या चित्रपटाला दोन दिग्दर्शक आहेत; हॉक्सनी सुरू केला, विल्यम वायलरनी पुरा केला. सहायक अभिनेत्याचा ऑस्कर त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मानकरी ब्रेनन. पण हातात पुतळा मिळाला नाही, फलक मिळाला. १९४२ च्या चित्रपटांपर्यंत सहायक कलाकारांना पुतळा देत नसत. ही एकच माहिती त्या व्यवस्थेत चरित्र अभिनेत्याची पायरी कुठली होती ते सांगून जाते.

'द वेस्टर्नर'ला ७ मिनिटं द्या, सलग. न्यायाधीश रॉय बीन माणसं फासावर चढवतो आणि लिली लँगट्री या नटीच्या नावानं विरघळतो. तिच्या केसांची बट आपल्याकडे आहे अशी थाप गॅरी कूपर मारतो, तो प्रवेश घ्या. ब्रेननचा चेहरा क्रूर आणि बालिश या दोन टोकांमध्ये कसा हलतो, ते पाहण्यासारखं आहे. इथे कुणीतरी विचारणारच की, ही सहायक भूमिका कशी? प्रश्न रास्त आहे. नायकाइतकंच काम आहे, पण पोस्टरवर वर नाव कूपरचं. या तिसऱ्या पुरस्कारानं तो अभिनयाचे तीन ऑस्कर मिळवणारा पहिला कलाकार ठरला. त्या वर्षांत एक्स्ट्रा कलाकारांनाही मत देता येई आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला, असं एक कारण नेहमी दिलं जातं. सांगा, पण त्यावर निकाल देऊ नका. 'वेस्टर्नर' पाहिल्यावर ते कारण अपुरं वाटतं.

मध्यंतर इथे. दहा मिनिटं, चहा. पोहे ठेवायचे असतील तर शेवटी. मध्यंतरात ठेवले तर जिरावण मसाला आणि शेव शोधण्यात पाव तास जातो.

नंतरची जोडी कार्यक्रमाचा गाभा आहे: 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९४४) मधला एडी आणि 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मधला म्हातारा क्लँटन, प्रत्येकी ५ मिनिटं. एडी दारुडा. पाय झटकत, सांधे निखळल्यासारखा चालतो आणि भेटेल त्याला विचारतो की, मेलेली मधमाशी कधी चावली आहे का. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारा माणूस त्याला आवडतो. इथे जॉनी वॉकरची आठवण निघणं साहजिक. ते मूळचे इंदूरचेच, आणि दारूला न शिवता पडद्यावर दारुडे रंगवत. तुलना एका वाक्यात आटोपा, नाहीतर संध्याकाळ तिकडेच वळते. लगेच क्लँटन लावा. सलूनमध्ये तो वायट अर्पशी अदबीनं बोलतो, अर्पची पाठ वळताच स्वतःच्या मुलांवर चाबूक चालवतो. श्रोत्यांना आधीच सांगून ठेवा: या खेपेला पाय बघा. एडीचा पाय थांबत नाही, क्लँटन जागचा हलत नाही. आवाजही तसाच, एकाचा घाईनं फाटणारा, दुसऱ्याचा सपाट. लाडका म्हातारा हा ब्रेननचा स्वभाव नव्हता, ती निवड होती. याचा पुरावा म्हणजे हा क्लँटन. अर्धाच चित्रपट मिळाला तरी हा प्रवेश चुकवू नका.

'रेड रिव्हर'चे दोन तुकडे, मिळून ८ मिनिटं. एकात ग्रूट (म्हणजे ब्रेनन) पोकरमध्ये आपली कवळी हरतो आणि जिंकणारा सोबती ती फक्त जेवणापुरती परत देतो. दुसऱ्यात जॉन वेनच्या हट्टाविरुद्ध ग्रूट मॅथ्यू या तरुणाची बाजू घेतो. डिस्क घेताना आवृत्ती तपासा: एक १३३ मिनिटांची, जिच्यात कथा हस्तलिखित पानांवरून पुढे सरकते, दुसरी १२७ मिनिटांची, जिच्यात निवेदन ब्रेननच्या आवाजात आहे. आपल्याला दुसरीच हवी.

'रिओ ब्राव्हो' (१९५९) ७ मिनिटं. लंगडा स्टंपी, तुरुंगाचा पहारेकरी. डीन मार्टिन आणि रिकी नेल्सन गातात, ब्रेनन माउथ ऑर्गन वाजवतो. हा तुकडा शेवटून दुसरा. सर्वांत शेवटी 'द रिअल मॅक्कॉइज' (१९५७–६३) या दूरचित्रवाणी मालिकेतली २ मिनिटं. तोच लंगडता आजोबा, आता दर आठवड्याला अमेरिकेच्या दिवाणखान्यात. स्टंपी आणि आजोबा एकाच काळातले आहेत, हे सांगायला विसरू नका. इथे पहिल्यांदाच त्याचं खरं वय भूमिकेच्या जवळ आलेलं दिसतं. त्याच्या उतारवयातल्या कडव्या उजव्या राजकारणाचा उल्लेख एका वाक्यात करा. लपवलं तर कुणीतरी फोनवर वाचून दाखवतंच.

तुकडे कापताना त्याच्या प्रवेशाच्या २०–३० सेकंद आधीपासून घ्या. चरित्र अभिनेत्याची एंट्री खोलीतलं वातावरण बदलते, आणि आधीचं वातावरणच दाखवलं नाही तर काय बदललं ते कळत नाही. फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक द्या आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा. ऐन वेळी पेन ड्राइव्हवर शोधाशोध नको. अमेरिकेतून मागवलेली डीव्हीडी विभाग १ ची असते, भारतातले प्लेअर विभाग ५ चे; ती इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. आठवडाभर आधी लावून पाहा. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणून १९५९ पर्यंतच्या या चित्रपटांची अडचण नाही. मालिकेचाही सुरुवातीच्या वर्षांतलाच भाग घ्या. स्ट्रीमिंगच्या सभासदत्वावरून मात्र सभागृहात दाखवू नका, त्याच्या अटी घरगुती पाहण्यापुरत्या असतात.

'रिओ ब्राव्हो' सोडता सगळ्यांची चौकट जवळपास ४:३ आहे. प्रोजेक्टर १६:९ वर असला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. पट्टे घालवायला चित्र ताणलं की लंबुळका ब्रेनन बुटका होतो आणि चाल बिघडते. आपल्याला तर चालच दाखवायची आहे. मोठ्या टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कृष्णधवल चित्राला अंधार लागतो, म्हणून खिडक्यांना जाड पडदे, कार्यक्रम साडेसहाच्या पुढे. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छताचं सभागृह घेऊ नका. माळव्याचा पाऊस सुरू झाला की एडीचं पुटपुटणं कुणाला ऐकू येणार? स्पीकर पडद्याच्या शेजारी, कानाच्या उंचीवर ठेवा आणि बास कमी करा, नाहीतर जुन्या ध्वनिमुद्रणातले संवाद घुमतात.

सबटायटल इंग्रजीच ठेवा, पण प्रत्येक तुकड्याआधी दोन वाक्यांत मराठीतून प्रसंग सांगा. तुकडा चालू असताना बोलू नका. हिशोब असा: तुकडे ४६ मिनिटं, बोलणं ५०, मध्यंतर १०, चर्चा १४. साडेआठला संपवा, सराफ्यात खायला जायचं ठरवून आलेली मंडळी त्यानंतर बसत नाहीत. पूर्ण पाहण्याजोग्या चित्रपटांची यादी छापायची असेल तर ती दारापाशी ठेवा, खुर्च्यांवर नको. खुर्चीवर ठेवली की कार्यक्रमभर कागदांची सळसळ चालू राहते.