परदेशात वार्तांकनाची फेलोशिप हवीय? अर्ज करताना या चुका टाळा

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या अर्जात "मला जागतिक अनुभव मिळेल, माझा दृष्टिकोन व्यापक होईल" ही वाक्यं हमखास असतात. फेलोशिप देणाऱ्याला त्यात फारसा रस नसतो. त्याला हवी असते एक बातमी, जी तुम्ही तिथे गेल्याशिवाय होणार नाही. निम्मे अर्ज इथेच मागे पडतात. उरलेल्यांची दमछाक कागदपत्रांत होते.

ही फेलोशिप आपल्यासाठी आहे का, हेच न वाचणं

वॉशिंग्टनच्या पुलित्झर सेंटरची विद्यार्थी फेलोशिप बरीच चर्चेत असते. पण ती सेंटरशी करार केलेल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत नसेल तर अर्ज कितीही सरस असो, उपयोग नाही. न्यूयॉर्कच्या ओव्हरसीज प्रेस क्लब फाउंडेशनकडून निवडलेले काही जण रॉयटर्स, एपी या वृत्तसंस्थांच्या परदेशी ब्युरोत काम करतात. तीही मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी. म्हणजे एमएससाठी तिकडे गेलेल्या पुणे-नागपूरच्या मुलांनी पहिल्या सत्रातच या दोन्हींची चौकशी करावी. अनेकांना ती आठवते शेवटच्या सत्रात.

उलट चूकही तितकीच होते. रानडे इन्स्टिट्यूटमधून नुकतं बाहेर पडलेलं कोणी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग योजनेतल्या दक्षिण आशिया पत्रकारिता कार्यक्रमाला अर्ज करतं. तिथे किमान ७ वर्षांचा अनुभव लागतो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटला ५ वर्षं लागतात. अमेरिकी न्यूजरूममध्ये काम करायला देणाऱ्या आल्फ्रेड फ्रेंडली फेलोशिपला ३ वर्षं, आणि वय २५ ते ३५. तेव्हा आज जिल्हा आवृत्तीत राबणाऱ्या बातमीदाराने कात्रणं जपून ठेवावीत. मराठी कात्रणं लाजून लपवू नयेत. प्रत्येकासोबत इंग्रजीत चार ओळींचा सारांश आणि बातमीचा काय परिणाम झाला ते जोडावं.

आणखी एक. इंटरनेटवरच्या "टॉप टेन फेलोशिप" याद्या शिळ्या असतात. जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९८ साली सुरू झालेला इंटरनॅशनल रिपोर्टिंग प्रोजेक्ट २०१८ मध्येच बंद झाला, तरी काही याद्यांत तो अजून दिमाखात झळकतो. आधी मूळ संस्थेचं संकेतस्थळ उघडा, मग कामाला लागा.

विषय लिहिणं, बातमी न लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा मावळातल्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये वाढलेल्या मुलीला केनियाला जायचंय. तिचा पहिला मसुदा असा: "केनियातील फुलशेतीचा पर्यावरण व महिलांवर होणारा परिणाम." हा पीएचडीचा विषय झाला. यात माणूस नाही, जागा नाही, आजच का ते नाही.

आता हाच मसुदा दुरुस्त केलेला बघा. नैरोबीच्या वायव्येला नैवाशा सरोवर आहे. त्याच्या काठावर पिकलेले गुलाब विमानाने नेदरलँड्सला लिलावात जातात. या सरोवराचं पाणी गेल्या काही वर्षांत वाढत गेलंय आणि काठावरच्या किहोटो वस्तीत ते घराघरात शिरलंय. घर सोडावं लागलेल्या, पण फुलं तोडायला रोज कामावर जाणाऱ्या बाया आता राहतात कुठे, भाडं कसं भरतात, कंपनी आणि तिथलं कौंटी (जिल्हा पातळीवरचं) सरकार काय म्हणतं? ही बातमी झाली. शिवाय मजुरीचा हिशेब, पॉलीहाऊसमधला उकाडा, फवारणीनंतर किती तासांनी आत सोडतात हे प्रश्न या मुलीला घरूनच ठाऊक आहेत. अर्जात "मीच का?" याचं उत्तर हे आहे. "मला आफ्रिकेचं आकर्षण आहे" हे नव्हे.

वेळेचं गणितही चुकतं. विद्यार्थ्यांचे दौरे सहसा उन्हाळी सुट्टीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये होतात. व्हॅलेंटाइनच्या हंगामातली मजुरांची धावपळ दाखवणार असं लिहिलंत, तर परीक्षक तिथेच पेन खाली ठेवेल. ती धावपळ जानेवारी-फेब्रुवारीत असते.

व्हिसाचा विचार निवड झाल्यावर करणं

"टुरिस्ट म्हणून जाऊ, कोणाला कळतंय" हा सल्ला सीनियर देतात. ऐकू नका. पकडले गेलात तर तुम्ही परत पाठवले जाल, पण तुमच्याशी बोललेला माणूस तिथेच राहतो. केनियात मीडिया कौन्सिलची मान्यता घ्यावी लागते. कुठल्या देशात काय लागतं ते अर्जाआधीच विचारा.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर तिसऱ्या देशात जाण्यापूर्वी आय-२० या कॉलेजने दिलेल्या कागदावर प्रवासाची सही ताजी हवी आणि पासपोर्टमधला व्हिसा परतीच्या तारखेला जिवंत हवा. तो संपला असेल तर सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत आपल्या देशात किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची आहे. म्हणजे नैरोबीहून थेट वर्गात परतायचं स्वप्न मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या रांगेत अडकू शकतं. मानधन घेणं व्हिसाच्या अटींत बसतं का, हेही कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलांना विदर्भातल्या कापसावर काम करावंसं वाटतं. छानच. पण परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे सगळं मोकळं, असं नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतात पत्रकारितेसाठी ओसीआयधारकाला वेगळी परवानगी लागते. आणि पाठपिशवीतला गिर्यारोहकांचा सॅटेलाइट फोनवजा यंत्र घरीच ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर गार्मिन इनरीच या अशाच यंत्रावरून एका परदेशी प्रवाशाला ताब्यात घेतलं गेलं होतं.

बजेट

विमान, मुक्काम, जेवण एवढंच लिहिलेलं बजेट परीक्षकाला कच्चं वाटतं. फिक्सर (भेटीगाठी, परवानग्या जुळवून देणारा स्थानिक मदतनीस) आणि दुभाषा, त्यांचं दिवसाचं मानधन, गाडी, विमा, लसी हे खर्च लिहाच. केनियाहून भारतात उतरणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. फिक्सरला श्रेय कसं देणार, तेही आधी ठरवा. तोही पत्रकारच असतो बहुतेक वेळा.

तिथे पोहोचल्यावर बातमी फसली तर

मुख्य माणूस बोलायला नकार देतो, कंपनी गेटवरून परत पाठवते. हे होणारच. अशा वेळी विद्यार्थी चार दिवस गप्प बसतात आणि शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शकाला मेल करतात. त्याच संध्याकाळी कळवा. त्याच गावात दुसरा धागा आधीच हेरून ठेवा: कामगार संघटना, दवाखाना, शाळा, वाहतूकदार. दौऱ्यात रोज रात्री टिपणं टंकून ठेवा. परतल्यावर तीस तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला कोणाला वेळ असतो?

राहिला मराठीचा मुद्दा. तीच बातमी मराठी दैनिकाला किंवा दिवाळी अंकाला द्यायची असेल, तर अनुवादाचे आणि फेरप्रकाशनाचे हक्क कोणाकडे राहतील हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्या. नंतर विचारलं की उत्तर यायला महिना लागतो, आणि दिवाळी अंकाची मुदत तोवर उलटलेली असते.