जुनी गाडी: आणखी पैसे घालायचे की काढून टाकायची?

"दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की गाडी विका" हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो चुकीचा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकला 80,000 येत असतील, तर क्लच, चार टायर, बॅटरी आणि ब्रेक एकदम निघाले की निम्मी रक्कम गाठली जाऊ शकते. पण हे झिजणारे भाग. नव्या गाडीलाही कधीतरी बदलावेच लागतात. तुलना करा ती नव्या गाडीच्या वार्षिक खर्चाशी. 6 लाखांची गाडी विम्याच्या घसारा-तक्त्यातच पहिल्या वर्षी 15 टक्के, म्हणजे 90,000 रुपयांनी उतरते. कर्जाचं व्याज वेगळंच.

1. दोन वर्षांची बिलं काढा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच बाजूला ठेवा. उरलेल्यात तोच बिघाड पुन्हा दिसला तर मेकॅनिक बदला, गाडी नको.

2. पत्रा तपासा. निर्णय इथे होतो, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. गाडी लिफ्टवर घ्यायला लावून स्वतः खाली उभे राहा. दारांखालची पट्टी, फ्लोअर, मागच्या ॲक्सलची माउंटिंग (तो जिथे बसवलेला असतो त्या जागा) यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत वाजलं तर पुढे सरका. आवाज भद्द आला तर टोक दाबून बघा. वरवरचा तांबूस थर चालतो. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं तर पत्रा सडलाय. ताजा काळा अँटीरस्ट कोट दिसला तर तिथे आधी ठोका, कारण सडका पत्रा झाकायलाही तोच मारतात. मग बॉनेट उघडून पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे टॉवर, म्हणजे त्यांचं वरचं टोक जिथे बसतं तो पत्रा, सडलाय का बघा. आतली मॅट उचला. खालचा फेल्ट ओला असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत पालापाचोळा अडकून पाणी आत उतरत असू शकतं. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीला यातलं काहीही वगळू नका.

दार, फेंडर सडले तर बदलता येतात. पण माउंटिंग किंवा चासी सडली असेल आणि कोणी "वेल्डिंग मारून देतो" म्हणालं, तर नाही म्हणा. टाका सडक्या कडेलाच बसतो, शेजारून पुन्हा सुटतो, आणि अपघातात तोच भाग आधी मोडतो. अशा गाडीत एक रुपयाही घालू नका.

3. इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करा: इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 15 टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील). गॅस्केटसाठी पूर्ण इंजिन खोलायची गरज नसते. पत्रा शाबूत असेल तर हे काम करून घ्या.

4. मोठा खर्च करण्याआधी आरसीवरची तारीख बघा. खाजगी गाडीला 15 वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग लागतं, ते 5 वर्षं चालतं. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो.

गाडी काढायचीच ठरली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा. नाहीतर कागदोपत्री ती गाडी तुमच्याच नावावर राहते.