सोमवारी साईटवर जॉइन होण्याआधी

माझ्या चुलत भावाला कोल्हापूरजवळच्या उचगावच्या एका साईटवर प्रोजेक्ट इंजिनिअर म्हणून बोलावणं आलंय. चार मजली इमारत, पायाचं काम संपत आलेलं. तीन वर्षं साईट इंजिनिअर म्हणून उन्हात काढल्यात त्यानं, तरी शनिवारी रात्री फोन आलाच, "दादा, नेमकी तयारी काय करू?" तासभर बोललो. ते इथं जरा नीट करून लिहितोय, सोमवारी जॉइन होणारे आणखीही असतील.

भावा, आज कॉलमला प्लेटा (काँक्रीट ओतायच्या साच्याचे पत्रे) लागल्या का हे बघायला आता सुपरवायझर आहे. पंधरा दिवसांनी लागणारी सळई कुणी मागवलीय, इलेक्ट्रिशियनला कधी बोलवायचंय, खिडक्यांची मापं ठरलीत का, हे तुझ्या गळ्यात. त्यामुळं उद्याचा रविवार कागदांत घालव. आर्किटेक्टची आणि आरसीसीची (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याची) ड्रॉइंग शेजारी-शेजारी पसर आणि एकेक कॉलम, एकेक बीम लाल पेनानं जुळव. टॉयलेटचा स्लॅब किती खाली आहे, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) कुठून जातो, लिफ्टच्या खड्ड्याचं माप दोन्हीकडं एकच आहे का. न जुळणाऱ्या जागा निघणारच. त्यांची यादी करून कन्सल्टंटकडून लेखी उत्तर घे. फोनवर "चालतंय की" म्हणालेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

प्रत्येक शीटवरचा रिव्हिजन नंबर आणि तारीख वहीत उतरव, आणि जुनी शीट साईटवरून काढून टाक, अगदी फाडून. हे मी अनुभवानं सांगतोय. एका साईटवर सुधारित ड्रॉइंग मेलवर येऊन पडलं होतं आणि भिंतीला जुनंच चिकटवलेलं. जिन्याच्या लँडिंगचा बीम त्याच्यावरून झाला. मालकांचा उंच मुलगा बघायला आला आणि खालून जाताना त्याचं डोकं टणकन आपटलं, तेव्हा कळलं. ब्रेकर लावून तोडला, चार दिवस गेले. त्याहून वाईट म्हणजे सेंट्रिंग मिस्त्री (साचे आणि टेकू लावणारा) त्यानंतर माझं प्रत्येक माप दोनदा विचारायला लागला.

परवानगीच्या फाईलची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेव. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, जोते तपासणीचा कागद. पंचगंगेच्या बाजूची साईट असेल तर पूररेषाही बघायची. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुझी साईट कुठल्या बाजूला आहे हे मालकाच्या तोंडून न ऐकता नकाशावर बघ. मातीचा रिपोर्टही वाच. आपल्याकडं एका प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागतो आणि पलीकडं काळी माती संपत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या भरावात तिची एक पाटीसुद्धा जाऊ द्यायची नाही. मुकादम म्हणेल, "साहेब, इथलीच टाकू की, वाहतूक वाचतीया." नाही म्हणायचं.

वेळापत्रक कंपनीनं संगणकावर करून दिलं असेल, ते ठेव. पण त्याच्या शेजारी आपलं कॅलेंडर लाव. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, त्या दिवशी साईटवर कोण येणार नाही हे आधीच विचार. ऊसतोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याकडं वळतात, खडी-मुरुमाला गाडी मिळेना होते आणि रस्त्यात उसाच्या गाड्यांमागं आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) ट्रक अडकतो. पावसाळ्यात सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लाव. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. ज्यांच्या शेडमध्ये सिमेंट नव्हतं ते हातावर हात धरून बसले. सिमेंट भरायचं तर फळ्यांवर, भिंतीपासून लांब, आणि आधी आलेलं आधी वापरायचं.

हिशेब तोंडी यायला हवा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग करून १६२ नं भाग, मीटरचं वजन किलोत मिळतं. म्हणजे १२ मिमीची ०.८९ किलो, १२ मीटरची अख्खी सळई साधारण १०.७ किलो. गाडी काट्यावरून आली की पावती आणि मोजलेली सळई ताडून बघ, फरक दिसला तर गाडी उतरवायच्या आधी बोल. ठेकेदाराचं बिल तपासताना मोजमाप वहीत जागेवरच लिही, ऑफिसात बसून आठवणीनं लिहू नकोस. फाउंडेशनची मापं तर माती पडायच्या आत घ्यायची, नंतर वाद घालायला खड्डाच राहत नाही.

माणसांचं काय सांगू, त्याचं शिक्षण साईटवरच होतं. मिस्त्री वयानं मोठा असेल तर अहो-जाहो कर, पण चुकीच्या कामाला चारचौघांत हो म्हणू नकोस. हेल्मेट, बेल्ट, कडेची जाळी यात भिडस्तपणा नको. बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी झालीय का तेही विचार, बऱ्याच जणांची राहिलेली असते.

आता स्लॅब, कारण तुझी पहिली परीक्षा तिथंच. दीड हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे ६२५ घनफूट, सव्वासहा ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास), १७.७ घनमीटर. बीम धरून २५ च्या घरात जाईल. सहा घनमीटरचे चार ट्रक आणि पाचवा सांगून ठेवलेला. शेवटचा ट्रक बीमचं माप घेऊनच बोलवायचा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे नऊ साचे तेल लावून तयार हवेत. ऐनवेळी शेजारच्या साईटवरून साचे मागणारे इंजिनिअर मी बघितलेत, त्यांत मीही होतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, बॅटरी आणि खडू घेऊन एकटा वर चढ. सळईवर हळूच पाय दे, खाली कव्हर ब्लॉक (सळई प्लेटेपासून वर धरणारा ठोकळा) नसेल तिथं ती दबते. तिथं खडूची फुली. स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. वरच्या सळईखाली चेअर (तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या घोड्या) आहेत का बघ, नाहीतर कामगारांच्या पायाखाली वरची सळई खालच्या सळईला जाऊन मिळते. बीम-कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळलेले हवेत. बार बेंडर ९० वर सोडून देतो, त्याला ते सोपं पडतं. पण भूकंपात तो हूक उघडू शकतो, आणि कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्यापासून फार लांब झाला नव्हता. मग खाली उतरून प्रत्येक टेकूला हातानं हलवून बघ. ओल्या मातीवरच्या टेकूखाली फळी हवीच. व्हायब्रेटर दोन, निडल दोन, ताडपत्री, आणि पंपवाल्याला सकाळी सहाला फोन.

सेंट्रिंगवाला आठव्या दिवशी प्लेटा मागायला येईल, त्याची दुसरी साईट थांबलेली असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा. बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढं एकवीस. हे त्याला स्लॅबच्या आधीच कागदावर सही घेऊन सांग. पाणी मारायला माणूस नेमलेला असू दे. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल तर निदान दहा दिवस, रविवार धरून.

आणि स्लॅबच्या दिवशी जेवणाचं कुणाकडं आहे ते आधीच ठरव. मटण म्हटलं की वीस माणसांचे पस्तीस होतात, आणि तांबडा रस्सा कमी पडला तर पुढच्या स्लॅबला तेच लोक येतील याची खात्री मी देत नाही.