आधी कर्जाची वही, मग पाळणा: अनाथ मुलाला घर देऊ इच्छिणाऱ्या मुंबईतील ख्रिस्ती कुटुंबासाठी

बायबलमधील ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते, तेव्हा तिच्यावर दोन संकटे एकाच वेळी कोसळलेली असतात. नवरा वारला आहे, आणि सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यासाठी टपला आहे. अलीशा तिला प्रथम घरात काय आहे ते विचारतो. घरात थोडेसे तेल निघते, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणली जातात आणि ती भरल्यावर तो जी आज्ञा देतो तिचा क्रम नेमका असतो. तेल विकायचे, कर्ज फेडायचे आणि जे उरेल त्यावर मुलांसह गुजराण करायची. आपल्या मंडळ्यांमध्ये अनाथांच्या सेवेवर वर्षातून एकदा तरी प्रवचन होते. कर्जावर मात्र सहसा होत नाही, आणि हे दोन्ही विषय एकाच घरात राहतात हे तर कोणी बोलतच नाही. मूल घरी आणण्याची मनापासून इच्छा आहे, पण दर महिन्याच्या पाच तारखेला हप्त्यांनी पगार संपतो, अशा कुटुंबाने कोणत्या क्रमाने चालावे, ते येथे सांगितले आहे.

वही उघडणे

पहिले काम पती-पत्नींनी एकत्र बसून करायचे आहे, आणि ते सर्वांत कठीण आहे. एका वहीत प्रत्येक देणे लिहावे: कोणाचे, मूळ रक्कम किती, आज बाकी किती, व्याजाचा दर काय, आणि हप्ता किती तारखेला जातो. क्रेडिट कार्ड, बँकेचे वैयक्तिक कर्ज, पतपेढीचे कर्ज, वाण्याची उधारी, भिशीत आधी उचललेली आणि अजून भरायची असलेली रक्कम, आखातातल्या चुलतभावाकडून घेतलेले हातउसने पैसे, आणि दुसऱ्याच्या कर्जाला आपण दिलेली जामीनकी, हे सारे त्यात यावे. जामीनकी लोक हमखास विसरतात. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात तिच्याबद्दल जो इशारा आहे तो बँकेच्या वसुली विभागाला आजही मान्य असेल. एका जोडीदाराने दुसऱ्यापासून लपवलेले एखादे देणे असेल तर ते याच बैठकीत बाहेर यावे, कारण दत्तकासाठी घरी येणारी सामाजिक कार्यकर्ती उत्पन्न आणि जबाबदाऱ्या विचारणार आहे, आणि तिच्यासमोर ते प्रथमच कळणे दोघांनाही अपमानाचे ठरेल.

आता व्याजाच्या दराप्रमाणे क्रम लावावा. समजा, कार्डावर नव्वद हजार रुपये थकले आहेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे. किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे ४,५०० रुपये भरले, तर त्यातील ३,१५० रुपये व्याजात आणि त्यावरील अठरा टक्के जीएसटीचे ५६७ रुपये करात जातात. मूळ रकमेतून कमी होतात फक्त ७८३ रुपये. मुंबईत पगारदार घरांना बुडवणारे देणे बहुधा हेच असते, गृहकर्ज नव्हे. म्हणून कार्ड प्रथम फेडावे, आणि ते पूर्ण फिटेपर्यंत कपाटात बंद ठेवावे. घरात न वापरले जाणारे सोने असेल तर ते मोडून किंवा बँकेत तारण ठेवून कार्ड संपवणे शहाणपणाचे आहे, कारण सोनेतारणाचा दर कार्डाच्या दराच्या निम्म्याहूनही पुष्कळ खाली असतो. मात्र तारण सोडवण्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी. आईच्या बांगड्या विकायच्या की नाही हा हिशेबाचा प्रश्न नाही, आणि त्यात बाहेरच्याने बोलू नये, पण लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडून असलेला साज म्हणजेच त्या विधवेच्या घरातले तेल नव्हे का, एवढे विचारावेसे वाटते.

कार्डानंतर वैयक्तिक कर्ज, मग पतपेढी. नातेवाइकाच्या हातउसन्या पैशांवर व्याज नसले तरी त्याला आजच फोन करून, ते कधी आणि किती हप्त्यांत परत मिळतील ते सांगावे आणि कागदावर लिहून द्यावे. न बोलता टाळलेले देणे नाताळच्या जेवणात सर्वांनाच जाणवते. गृहकर्ज शेवटी. त्याचा दर बदलता असेल तर वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी पैसे भरल्यास बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे बोनसची रक्कम तिथे घालण्याचा मोह होतो, पण महाग देणी उभी असताना तसे करणे म्हणजे गळके छत सोडून भिंत रंगवणे होय.

सावकाराकडून पैसे घेतले असतील तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहावे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या वसुली माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, आणि नातलगांना किंवा मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावले आहे. आपल्या पाळकांना किंवा फादरांना असा फोन आल्यास त्याची वेळ आणि क्रमांक टिपून लेखी तक्रार करावी.

पैसा कुठून वाचवायचा? येथे आपल्या समाजाला थोडे टोचेल असे लिहावे लागते. लग्न, स्नानसंस्कार आणि प्रथम कम्युनियन या तीन प्रसंगांवरचा खर्च कर्ज काढून करणारी घरे वसईपासून वांद्र्यापर्यंत सगळीकडे आहेत. लग्नाआधीच्या ‘उंबराचे पाणी’ या विधीला बॅन्ड असलाच पाहिजे, हॉल असलाच पाहिजे, आणि पाचशे पाने उठलीच पाहिजेत, या हट्टाचे हप्ते पुढे तीन वर्षे चालतात. संस्काराला वेदी, धर्मपिता आणि धर्ममाता लागतात; मटण लागत नाही. दशांशाबद्दलही, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान देण्याबद्दलही, स्पष्ट बोलावे: कार्डावर व्याज चढवून दानपेटीत टाकलेली नोट ही वास्तविक बँकेची आहे. कर्ज फिटेपर्यंत जे खरोखर हातात आहे त्यातून, थोडे का होईना, द्यावे, आणि त्याबद्दल लाज बाळगू नये.

त्या विधवेने शेजाऱ्यांकडे पैसे मागितले नाहीत, रिकामी भांडी मागितली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाढत्या वयाच्या मुलासाठी गणवेश, जुनी पाठ्यपुस्तके, एक खाट, शाळा सुटल्यावर दोन तास मूल सांभाळणारी शेजारची आत्या, या गोष्टी मागायला संकोच नसावा. धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद अशा घरांना भेट देण्यासाठीच असतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ती स्थापन झाली तीच गरिबांच्या घरी जाण्यासाठी.

कोणते मूल?

अनाथ म्हटले की डोळ्यांसमोर बालगृह येते. प्रत्यक्षात आपल्या दारात उभे राहणारे मूल बहुधा नात्यातले असते: बहीण गेली, तिच्या नवऱ्याने घर सोडले, आणि आठ वर्षांचा भाचा आजीबरोबर चाळीतल्या एका खोलीत राहतो. अशा मुलासाठी पाळण्याआधी कागद जमवावेत. आई-वडिलांचे मृत्युदाखले, मुलाचा जन्मदाखला, स्नानसंस्काराच्या नोंदीचा उतारा, शाळेचे दाखले आणि आधार एका फाईलमध्ये ठेवावेत. वडील किंवा आई भविष्य निर्वाह निधीचे सभासद असतील तर त्या कार्यालयात तातडीने जावे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला विधवा-निवृत्तिवेतनाच्या ७५ टक्के रक्कम वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मिळते, आणि एका वेळी दोन मुलांना मिळते. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर ठेवीशी जोडलेल्या विम्याची रक्कम वेगळी असते. आपल्याकडे मयताचे महिनाभराचे विधी यथासांग होतात आणि हे अर्ज दोन-दोन वर्षे पडून राहतात.

या पैशाबाबत एक नियम काटेकोर पाळावा. मुलाच्या नावाचा एकही रुपया आपल्या कर्जात घालू नये, ‘नंतर भरून टाकू’ असे म्हणूनही नाही. मुलाच्या नावाने वेगळे खाते, त्यातून फक्त त्याचा खर्च, आणि वर्षाअखेरीस हिशेब दुसऱ्या एका नातलगाला दाखवणे, एवढे केले तर पुढे भांडण होत नाही.

मृत पालकांची देणी असतील तर सावकार किंवा वसुलीवाले मुलाच्या मामाकडे येतात. वारसावर त्याला वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी असते; त्यापलीकडे कोणीही मागू शकत नाही. घाबरून कोणत्याही नव्या कागदावर सही करू नये, कारण ती सही केल्यावर मयताचे कर्ज खरोखर आपले होते. अलीशाच्या काळात सावकार मुलांना नेऊ शकत होता; आज नेऊ शकत नाही, एवढा फरक पडला आहे.

अशा मुलाचा सांभाळ करणाऱ्या कुटुंबाला राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळू शकते. २०२३ मध्ये ते ११०० वरून २२५० रुपये करण्यात आले. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करतात, आणि बालकल्याण समितीचा आदेश लागतो. एक पालक हयात असलेल्या गरजू मुलालाही ही योजना लागू होते. नात्यातले मूल घरी आले की ते हळूहळू वरकामाला जुंपले जाते, हेही पाहण्यात आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा निराधार मुलींना केवळ आसरा देण्यावर त्या थांबल्या नाहीत, शिक्षण दिले, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उद्योगही शिकवले. तोच मापदंड आपल्या घरातल्या भाच्यालाही लावावा.

परके मूल दत्तक घेणे

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती जोडपे कायद्याने दत्तक घेऊच शकत नव्हते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. आपल्या वाट्याला १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखालचे पालकत्व येई, आणि त्यात मुलाला वारसाहक्क मिळत नसे. आता २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माचे कुटुंब दत्तक घेऊ शकते, आणि मूल सर्व अर्थांनी त्या घरचे होते.

अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावर होतो, आणि तोच एक मार्ग आहे. जोडप्याचे किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असावे. मूल आणि पालक यांच्या वयात निदान २५ वर्षांचे अंतर असावे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक नसावी. नोंदणीनंतर गृह अध्ययन, म्हणजे सामाजिक कार्यकर्तीने घरी येऊन केलेली पाहणी, होते. घराच्या चौरस फुटांची अट नियमांत नाही, त्यामुळे परळच्या खोलीत राहणाऱ्याने आधीच हार मानू नये. गृहकर्ज चालू असणे हाही अडथळा नाही. आर्थिक क्षमता पाहिली जाते, आणि नियमित फिटत असलेले कर्ज ती क्षमता दाखवतेच. तान्ह्या बाळासाठी प्रतीक्षा काही वर्षांची असते. माझ्या मते हा काळ देवाने दिलेली मुदत समजून वहीतली महाग देणी संपवण्यासाठी वापरावा, म्हणजे नोंदणी आज करावी आणि कार्डही आजपासून फेडू लागावे.

प्रसूतिगृहातील ओळखीतून, एखाद्या परिचारिकेमार्फत, किंवा ‘गावाकडची एक मुलगी आहे’ अशा निरोपातून मूल थेट घेणे गुन्हा आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. पैशांची देवाणघेवाण झाली तर तो मुलांच्या विक्रीचा गुन्हा ठरतो. चर्चच्या पायरीवर मूल सापडले तरी ते ठेवून घेऊ नये. १०९८ वर किंवा पोलिसांना कळवावे, आणि हे २४ तासांच्या आत करणे कायद्याने बंधनकारक आहे.

ज्यांना यांपैकी काहीच शक्य नाही त्यांनी बालगृहात वाढदिवसाची बिर्याणी वाटण्याऐवजी संस्थेच्या परवानगीने वर्षभर दर शनिवारी गणित शिकवावे. मुलांना पाहुणे पुष्कळ भेटतात. तेच माणूस पुन्हा येणे दुर्मिळ असते.

मृत्युपत्र

दत्तक मूल वारस असते, पण पालकत्वाखाली किंवा केवळ मायेने वाढवलेले मूल आपोआप वारस होत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्राविना गेलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पत्नीला आणि उरलेला मुलांना समान जातो. सांभाळलेल्या भाच्याचे नाव त्यात कुठेच येत नाही. म्हणून मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या साक्षीदारांना किंवा त्यांच्या जोडीदारांना मृत्युपत्रात काहीही ठेवू नये, कारण ते दान रद्द ठरते. याच कायद्याने वडिलांना मृत्युपत्रातून आपल्या अल्पवयीन मुलासाठी पालक नेमण्याचा अधिकार दिला आहे. कायदा फक्त वडिलांचे नाव घेतो, हे त्याच्या वयाला साजेसे आहे. तरी आईनेही तीच इच्छा आपल्या मृत्युपत्रात लिहावी. ज्याला पालक नेमणार त्याला आधी विचारावे, आणि कर्जाची वही त्यालाही एकदा दाखवावी. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र ख्रिस्ती माणसाच्या विवाहाने रद्द होते, त्यामुळे दुसरे लग्न करणाऱ्या विधुराने किंवा विधवेने लग्नानंतर ते नव्याने लिहावे.